रविवारची हिब्रू शाळा: मुलांना देवनागरीत लिहून द्यावं की नाही?

मनुका_सरबत

नमस्कार मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मध्य रेल्वेच्या पट्ट्यात राहतो. नेमकं कुठे ते कोणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका, वादात आमचे सगळे नातेवाईकच आहेत.

आमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) दर रविवारी सकाळी दोन तास मुलांचा वर्ग भरतो. सहा वर्षांच्या पोरापासून बार मित्स्वाला (मुलगा धर्माने मोठा होण्याच्या विधीला) आलेल्या तेरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे एकाच खोलीत. शनिवारी वर्ग ठेवता येत नाही, कारण शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी, लिहायचं नसतं. शिवाय निम्म्या मुलांना शनिवारी शाळा असते, तो वेगळाच त्रास. इतकी वर्षं शिकवणारे काका आता मुलाकडे इस्राएलला गेले. वर्ग आम्हा पालकांच्या गळ्यात.

पहिल्याच बैठकीत वाजलं. एक गट म्हणतो, शेमा, किद्दुश या प्रार्थना, एलियाहू हन्नाबीचं गाणं, सगळं देवनागरीत लिहून झेरॉक्स काढा, मुलं दोन आठवड्यांत म्हणायला लागतील. दुसरा गट म्हणतो, तसं केलंत तर अलेफ-बेथ, म्हणजे हिब्रू मुळाक्षरं, कायमची गेली. मुलं खालची ओळ वाचतील, वरची हिब्रू ओळ शोभेला राहील.

मला दोन्ही पटतंय आणि पुढच्या बैठकीत हात कुठल्या बाजूने वर करायचा ते ठरत नाहीये. इथे भाषा शिकवणारे बरेच आहेत, म्हणून विचारते. आमच्यातलेच असायला हवं असं नाही.

टेंभीनाका

पहिला! आता वाचतो.

शनिवार_तेली

ताई, शालोम. मी अश्दोदला असतो, मूळ रेवदंड्याकडचे आम्ही.

तुमच्या दुसऱ्या गटाशी सहमत, पण कारण वेगळं आहे. देवनागरीत लिहायचं म्हटलं की आधी उच्चार ठरवावा लागतो. आणि तिथे खरं भांडण आहे. माझी आजी 'शब्बाथ' म्हणायची, 'एलियाहू हन्नाबी' म्हणायची. इथे माझी नात 'शब्बात' म्हणते, 'हनावी' म्हणते, आणि मी आजीसारखं म्हटलं की हसते. आपल्या जुन्या सिनेगॉगच्या पाट्या वाचा, अलिबागचं मागेन अबोथ, पनवेलचं बेथ एल, सगळीकडे तो जुना 'थ' आणि 'ब' आहे. हिब्रूत लिहिलेलं असलं की आजी एक वाचते, नात दुसरं वाचते, कागद तोच राहतो. देवनागरीत एकदा 'थ' लिहिलात की इस्राएलहून आलेला पाहुणा नाक मुरडणार. 'त' लिहिलात तर तुमच्या सिनेगॉगमधले म्हातारे उठून जाणार.

मनुका_सरबत

@शनिवार_तेली, काका, तुम्ही आमच्या बैठकीला होतात का?? अगदी हेच झालं. एक आजोबा खरंच उठून गेले. (चहा झाल्यावर परत आले.)

सीए_बाबा

मी बेने इस्राएल नाही, पण विषय ओळखीचा वाटला. प्रश्न साधा आहे: मुलाने काय करता आलं पाहिजे? प्रार्थना म्हणता आली पाहिजे, वाचता आली पाहिजे, की इस्राएलला गेल्यावर भाजी विकत घेता आली पाहिजे? तीन वेगळी कामं आहेत. दोन तासांत तिन्ही होणार नाहीत. आधी एक निवडा, मग लिपी आपोआप ठरेल.

जुनी_पेटी

मी मुंबईत बरीच वर्षं असा वर्ग घेतलेला आहे. आता गुडघ्यांमुळे घरी. तेव्हा जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा.

बावीस अक्षरं आहेत. त्यातली पाच शब्दाच्या शेवटी रूप बदलतात. स्वर अक्षरांच्या खाली-वर टिंबांनी आणि रेघांनी दाखवतात, म्हणजे मराठी मुलाला काना-मात्रा माहीत असतेच, त्याला हे जड जात नाही. जड जातात ती जुळी अक्षरं. बेथ आणि काफ, दालेथ आणि रेश, हे आणि खेथ. एवढ्याशा रेघेचा फरक. या तीन जोड्यांवर मी पहिल्या वर्षातला निम्मा वेळ घालवायचे आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

लहान मुलांना पेन्सिल द्यायचीच नाही. वालाचे दाणे द्यायचे, जमिनीवर अक्षर मांडायचं. (बिरड्याचा रोजा हा आमचा उपास असला की घरात वाल असतातच.) मोठ्यांना सिद्दूरचं (प्रार्थनेच्या पुस्तकाचं) एक पान उघडून द्यायचं, 'या पानावर लामेद किती ते मोज'. लामेद सगळ्यांच्या वर डोकं काढून उभं असतं, म्हणून पहिला सापडतो आणि मुलाला वाटतं आपल्याला वाचता येतं. तसं वाटलं की ते मूल पुढच्या रविवारी येतं.

देवनागरीबद्दल: मी देत असे, पण मुलांना नाही, त्यांच्या आयांना. आयांनाच वाचता येत नव्हतं, घरी सराव कोण घेणार? मुलांच्या हातात तो कागद गेला की खलास. डोळा आळशी असतो हो. ओळखीची ओळ दिसली की अनोळखी ओळीकडे तो जातच नाही.

टेंभीनाका

'डोळा आळशी असतो हो.' मावशी, हे लिहून घेतलं.

घडीघालू

लिपीच्या बाजूने लिहितो, माझा धंदा अक्षरजुळणीचा आहे.

देवनागरीत हिब्रू लिहिताना माहिती गळते. अलेफ आणि आयिन, दोन्हीचं 'अ' होतं. तेथ आणि ताव, दोन्हीचं 'त'. काफ आणि कोफ, दोन्हीचं 'क'. म्हणजे देवनागरीतून शिकलेल्या मुलाला पुढे मूळ अक्षर लिहायला सांगितलं तर तो अडखळणार, कारण त्याच्या डोक्यात एकच 'क' आहे.

उलट बाजूही सांगतो. झायिन आणि त्सादी हे दोन आवाज मराठी माणसाला फुकट मिळालेत. 'जहाज'मधला दुसरा ज, 'चमचा'मधला च. रोमन लिपीत यासाठी कसरत करावी लागते. फक्त सावध राहा, इंग्रजी माध्यमातली मुलं देवनागरी 'ज' सरसकट 'जेवण'वाला वाचतात.

आणि एक फुकट सल्ला: वर्डमध्ये हिब्रू आणि देवनागरी एकाच ओळीत टाकू नका. एक उजवीकडून चालतं, एक डावीकडून. स्वल्पविराम आणि कंस कुठे जाऊन बसतील ते सांगता येत नाही. दोन रकाने करा.

ओम_फट्_स्वाहा

मराठी शाळा धडाधड बंद पडतायत आणि इथे हिब्रू कशी शिकवायची याची चर्चा. भारतात राहून कशाला हवी?

मनुका_सरबत

@ओम_फट्_स्वाहा, तुम्ही संस्कृतात स्तोत्रं म्हणत असाल तर त्याच कारणासाठी. घरी आम्ही मराठीतच बोलतो आणि मराठीतच भांडतो. वर्गात गोष्टीही मराठीत सांगतो. मूसा, योसेफ, दावीद, सगळे अस्खलित मराठी बोलतात.

शनिवार_तेली

आणि राव, मराठी शाळेचं म्हणाल तर यात भर घालतो. आमच्या पेसाख सणाच्या हग्गादाचं, म्हणजे त्या रात्री वाचायच्या पोथीचं, मराठी भाषांतर मुंबईत १८४६ साली निघालं. १८७४ साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीत तर चित्रं आहेत आणि त्यात मात्सा (बिनखमिराची भाकर) भाजणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. १८८०च्या सुमारास आमच्या लोकांनी कीर्तन उचललं. चाली मराठी, आख्यान अब्राहाम आणि योसेफाचं. अजूनही बायकांची मंडळं ते गातात. मराठीचं आमच्याकडून काही नुकसान झालेलं नाही.

म्हसळ्याचा

वाह, म्हसळ्याचं नाव घेतलं नाहीत, मीच घेतो. आमच्या गावातही सिनेगॉग आहे. अब्बा सांगायचे, त्यांच्या लहानपणी शेजारी इस्राएल घरं होती आणि ईदच्या शेवया आणि त्यांच्या सणाचा हलवा यांची देवाणघेवाण चालायची.

मुद्द्यावर येतो. आमच्या मकतबात (कुराण शिकवायच्या वर्गात) हाच प्रश्न वेगळ्या कपड्यात येतो. मूल आधी काइदा वाचतं, म्हणजे अरबी अक्षरं सुटी, मग जोडून, मग जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा. त्यानंतर कुराण. अर्थ कळतो का? बहुतेकांना नाही. तरी वाचता येतं, आणि तेही चांगल्या उच्चारात. आता बाजारात देवनागरीत आणि रोमनमध्ये छापलेली कुराणंही मिळतात. जाणकार उलेमा त्याला नाक मुरडतात, कारण घडीघालूंनी सांगितलं तेच: दोन वेगळे 'ह', दोन-तीन वेगळे 'स', सगळे एका अक्षरात कोंबले की शब्द बदलतो.

माझ्या मुलीने मात्र सरळ विचारलं, 'कळत नसेल तर वाचायचं कशाला?' मला तिला पटेल असं उत्तर अजून देता आलेलं नाही.

जुनी_पेटी

@म्हसळ्याचा, मुलीला सांगा, कळायला आधी वाचता यावं लागतं. तिने लगेच ऐकलं नाही तर ती हुशार आहे असं समजा.

दादर_टीटी

पाठांतराचं काय? आमच्या वेदपाठशाळेत पोथी नंतर येते. गुरुजी संथा देतात, मुलं दोनदा म्हणतात, झालं. लिपीचा प्रश्नच येत नाही. तुमची शेमा आणि किद्दुश तशीच कानाने द्या ना. कागदच नको, ना हिब्रू ना देवनागरी.

मनुका_सरबत

@दादर_टीटी, काही अंशी आम्ही तसंच करतो. एलियाहू हन्नाबी सगळ्या मुलांना तोंडपाठ आहे, कारण मलिद्याच्या (आमच्या घरच्या नवस-आभाराच्या विधीच्या) वेळी घराघरात म्हटलं जातं. कोणी शिकवलेलं नाही. गोड पोहे, खोबरं, फळं समोर असली की पाठांतर फार लवकर होतं.

अडचण बार मित्स्वाला येते. मुलाला तेबावर (वाचनाच्या चौथऱ्यावर) उभं राहून सेफेरमधून, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीतून, वाचायचं असतं, आणि सेफेरमध्ये स्वरांच्या खुणा नसतात. विरामचिन्हंही नसतात. नुसती व्यंजनं, सरळ ओळी. चाल वेगळी, तीही लिहिलेली नसते. तिथे देवनागरीचा कागद घेऊन कोणी उभं राहत नाही.

टेंभीनाका

म्हणजे 'क म ल' लिहिलंय, ते कमल की कोमल की कामाला ते वाचणाऱ्याने ठरवायचं? आमच्या ऑफिसात नव्या साहेबांचं अक्षर असंच आहे.

मावळतीचा_वारा

न्यू जर्सीहून. मी इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी शिकवते, म्हणून हा धागा वाचताना सारखी मान डोलावतेय. आमच्याकडे हाच तंटा रोमन लिपीवरून होतो. नाटुकल्याचे संवाद रोमनमध्ये दिले की मुलं स्टेजवर झकास बोलतात, आईबाबा व्हिडिओ काढतात आणि मे महिन्यात मुलाला 'घर' वाचता येत नाही.

आमच्या गावात ज्यू कुटुंबं पुष्कळ आहेत, मुलीच्या मैत्रिणी हिब्रू स्कूलला जातात. इथे या प्रकाराला मोठा इतिहास आहे. फिलाडेल्फियात रिबेका ग्राट्झ नावाच्या बाईंनी १८३८ साली पहिली ज्यू रविवार-शाळा काढली. शिकवणाऱ्या बहुतेक बायकाच. गंमत म्हणजे शाळेच्या नावात हिब्रू होतं, पण शिकवणं इंग्रजीत चालायचं. तिथल्या आयांना आजही विचारा, मुलं कुरकुरतात, बार मित्स्वा झाली की यायची बंद होतात. सगळीकडे तेच.

माझा अनुभव असा की रविवारच्या शाळेचे शत्रू दोनच: क्रिकेट आणि वाढदिवस. (इथे सॉकर.)

शनिवार_तेली

@मावळतीचा_वारा, इथे उलटं आहे. अश्दोद, दिमोना, लोद, रामला इथे आमची माणसं पुष्कळ. मुलं हिब्रूत वाढतात, मराठी जाते. कार्यक्रमात मराठी गाणं म्हणायचं असलं की पोरं ते हिब्रू लिपीत लिहून आणतात. हिब्रूत ळ नाही. मग 'बाळा' चं 'बाला' होतं आणि पुढच्या रांगेतल्या आज्या कासावीस होतात. तेव्हा देवनागरीने हिब्रूचं जे होतं तेच हिब्रूने मराठीचं होतं, कोणी कोणाला हसू नये.

माटुंगा_पूर्व

एक उदाहरण कोणी दिलेलं नाही म्हणून लिहिते. माझ्या शेजारच्या पारशी आजींचं प्रार्थनेचं पुस्तक. भाषा अवेस्ता, लिपी गुजराती. पारशांनी खोर्देह अवेस्ता (हेच ते प्रार्थनेचं पुस्तक) गुजराती अक्षरांत छापली आणि पिढ्यान् पिढ्या त्यातूनच म्हटली. मूळ अवेस्ता लिपी भटजींना आणि अभ्यासकांनाच येते. सोय उत्तम झाली, घराघरात प्रार्थना टिकली. पण आता आजींच्या नातवाला गुजराती वाचता येत नाही! त्याच्यासाठी रोमन लिपीतलं पुस्तक आणावं लागलं.

मनुका_सरबत, तुमच्या वर्गातल्या मुलांना देवनागरी तरी भराभर वाचता येते का? आधी तेवढं तपासा.

मनुका_सरबत

@माटुंगा_पूर्व, वर्मावर बोट ठेवलंत. सगळी इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलतात उत्तम, वाचताना बोट ठेवून वाचतात. हे बैठकीत कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आम्ही भांडत होतो देवनागरीवर आणि मुलांना ती हिब्रूपेक्षा थोडीच जास्त येते.

घडीघालू

+१ पारशी उदाहरणाला. हा धाग्यातला सर्वात कामाचा प्रतिसाद आहे.

सीए_बाबा

मला नाही पटलं. पारशांची प्रार्थना टिकली ना? दीडशे वर्षं गुजरातीने काम केलं, आता रोमन करेल. लिपी हे साधन आहे. तुम्ही लोक साधनाची पूजा करताय.

जुनी_पेटी

@सीए_बाबा, तुमचं म्हणणं चूक नाही. पण ज्यू उपासनेत वाचन हीच मुख्य गोष्ट आहे. तोरा चोपन्न भागांत वाटलेली, वर्षभर दर शब्बाथला पुढचा भाग मोठ्याने वाचायचा, सिम्हात तोराच्या सणाला संपवायची आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे वाचणारा माणूस समाजात हवाच. आमच्यात पिढ्यान् पिढ्या रब्बी (धर्मगुरू) नव्हते. परंपरा सांगते की दावीद राहाबी नावाचा ज्यू बाहेरून आला तेव्हा आमच्या लोकांना शेमा, शनिवार, सुंता आणि खाण्याचे काही नियम एवढंच उरलं होतं. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी सांगणारे, केलं. म्हणजे जे काही सुरू झालं ते शिकवणीनेच.

नंतरही बाहेरचेच शिकवायला आले. कोचीनचे ज्यू आले. मिशनरी आले, त्यांचा हेतू वेगळा होता, पण जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं ते आमच्याचसाठी. मग आमच्यातलेच तयार झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी कितीतरी प्रार्थना मराठीत आणल्या, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ साली इस्राएली शाळा काढली, तीच पुढे एली कदूरी शाळा झाली. तिथे रोजच्या शाळेतच हिब्रू असायची, रविवारची गरज नव्हती. आता तिथे ज्यू मुलं नावापुरती, बाकी सगळी आजूबाजूच्या वस्तीतली. आपण देशात चार-पाच हजार उरलो, रोजची शाळा कोणासाठी चालवणार? म्हणून रविवार.

टेंभीनाका

मावशी, मस्जिद बंदर स्टेशनचं नाव तुमच्या सिनेगॉगवरून पडलं म्हणतात ते खरं का? रोज उतरतो तिथे.

जुनी_पेटी

आम्ही तरी लहानपणापासून तसंच ऐकतोय. शाआर हाराहामीम, १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलं, मुंबईतलं पहिलं. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे. जवळच सॅम्युएल स्ट्रीट आहे, एकदा चालत जा. आता विषयावर या.

संपादक_मंडळ

मावशींनी आमचं काम केलं. धन्यवाद. स्टेशनांच्या नावांसाठी वेगळा धागा आहे.

सतरा_चालू

मी अशाच वर्गात होतो. माझी बार मित्स्वा होऊन चार वर्षं झाली. इथे सगळे मोठे बोलतायत म्हणून लिहितो.

लिपीमुळे कोणी वर्ग सोडत नाही. कंटाळा येतो म्हणून सोडतो. सहा वर्षांच्या मुलांबरोबर बाराव्या वर्षी परत अलेफ-बेथ म्हणायला लावलं तर कोण येईल? मी टिकलो कारण मला काम दिलं होतं. हेखालचा (सेफेर ठेवायच्या कपाटाचा) पडदा उघडायचा, सेफेरच्या पुढे चालायचं, मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, लागणारी दहा माणसं मोजायची. नववा माणूस येऊन दहावा येत नाही तेव्हा फोन करायचं काम पण माझंच. तेरा पूर्ण झाली त्या शनिवारी मी स्वतःच दहावा होतो. सगळ्यांना इतका आनंद झाला की मला वाटलं मी मॅच जिंकून दिली.

देवनागरीचा कागद आम्हाला मिळाला होता. आम्ही त्याचं विमान केलं.

मनुका_सरबत

@सतरा_चालू, तू आमच्या वर्गात मोठ्या मुलांना शिकवायला येशील का रे? खरंच विचारतेय.

सतरा_चालू

बारावी आहे 😅 मार्चनंतर बघतो.

पावसाळी_छत्री

आणि मुलींचं काय? मिन्यानला दहा पुरुषच मोजतात ना? मग मुलींनी पडदा उघडायचा नाही, दहावं व्हायचं नाही, मग त्या कशासाठी येतील?

मनुका_सरबत

@पावसाळी_छत्री, हा प्रश्न टाळत होते, आलाच. आमच्या वर्गात मुली जास्त आहेत आणि वाचनात त्याच पुढे आहेत. आमचं सिनेगॉग जुन्या रीतीचं आहे, मिन्यानमध्ये बायका मोजत नाहीत. मुंबईत १९२५ पासून सुधारणावादी मंडळीही आहेत, तिथलं वेगळं. बारा वर्षांच्या मुलींची बात मित्स्वा आम्ही करतो. पण तेबावर वाचायला नाही. माझी मुलगी दहाची आहे. ती विचारेल तेव्हा काय सांगायचं, हा माझा प्रश्न आहे, वर्गाचा नाही असं मी स्वतःला सांगते, पण तो वर्गाचाच आहे.

शनिवार_तेली

ताई, घरच्या गोष्टी मुलींच्या हातात द्या. शब्बाथचे दिवे, पेसाखचा सेदर (त्या रात्रीचं विधीचं जेवण).

पावसाळी_छत्री

काका, राग मानू नका, पण दिवे लावणं आणि मोठ्याने वाचणं यात जो फरक आहे त्याबद्दलच तर हा सगळा धागा आहे.

जुनी_पेटी

छत्री बरोबर बोलतेय. माझ्या वर्गात सेदरला चार प्रश्न सगळ्यात लहान मूल विचारतं, ते मी कायम हिब्रू वाचून विचारायला लावलं, मुलगी असो की मुलगा. घरच्या टेबलावर कोणी अडवत नाही. तिथून सुरुवात करा. पुढचं तुमची पिढी भांडेल.

मावळतीचा_वारा

ऑनलाइन शिक्षक का नाही घेत? इस्राएलहून कोणी आठवड्यातून तासभर?

मनुका_सरबत

विचार झाला होता. इस्राएलमध्ये रविवार कामाचा दिवस. आमचे सकाळचे दहा म्हणजे त्यांचे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. उठून शिकवायला कोण तयार होणार? शिवाय ते बोलीची हिब्रू शिकवतात, 'बसस्टॉप कुठे आहे'. ती वाईट नाही, ज्यांना अलिया करायची, म्हणजे इस्राएलला कायमचं जायचं आहे त्यांना हवीच. पण सिद्दूरची वाक्यं त्याने लागत नाहीत.

सीए_बाबा

म्हणजे परत माझ्या पहिल्या प्रतिसादावर आलात. आधी काम निवडा.

टेंभीनाका

सीए लोक व्याजासकट वसूल करतात.

म्हसळ्याचा

एक विचारू का? २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला ना? त्याचा वर्गाला काही उपयोग होतो का?

मनुका_सरबत

@म्हसळ्याचा, हो, जून २०१६. शैक्षणिक संस्था, दाखले वगैरेंना उपयोग आहे. आमच्या खोलीला सध्या फक्त पंखा हवाय.

बरं, काल बैठक झाली. तुमचे प्रतिसाद मी छापून नेले होते (विमानाचा भाग वगळून). जे ठरलं ते लिहिते.

वर्गात मुलांच्या हातात देवनागरी नाही. हिब्रू मोठ्या टाइपात, स्वरांसकट, आणि शेजारच्या रकान्यात उच्चार नाही, मराठी अर्थ. अर्थ मी वाचून दाखवणार, म्हणजे त्यांची मराठीही थोडी सुधारेल. पालकांसाठी वेगळा कागद, त्यात देवनागरीत उच्चार, जुन्या पद्धतीचा, 'थ' आणि 'ब' सकट. उठून गेलेल्या आजोबांनी तो स्वतः तपासायचं कबूल केलं आहे. आता चूक निघाली तर त्यांच्यावर. वयाप्रमाणे दोन गट. मोठ्यांना पहिला अर्धा तास सिनेगॉगमधलं काम, मग वाचन. बोलीची हिब्रू यंदा नाही, त्यावर दोन कुटुंबं नाराज आहेत आणि त्यांचं कारण खरं आहे, ती पुढच्या वर्षी इस्राएलला निघणार आहेत.

मुलींबद्दल मी विषय काढला. उत्तर मिळालं नाही, पण नोंद झाली.

पावसाळी_छत्री

नोंद कोणी लिहिली?

मनुका_सरबत

मीच. चिटणीस मीच झालेय.

घडीघालू

कागदासाठी: हिब्रू अक्षरं किमान २० पॉइंट घ्या, नाहीतर झेरॉक्समध्ये स्वरांची टिंबं उडतात आणि मुलं टोनरचे ठिपके वाचतात. ओळींमध्ये अंतर सढळ ठेवा. फाइल पाठवाल तर एकदा नजर फिरवून देतो, पैसे नकोत.

टेंभीनाका

पैसे नकोत म्हणे. हलवा मागा, चिकाचा. नव्याच्या सणाला, यांच्या नववर्षाला, करतात तो.

जुनी_पेटी

नारळाचं दूध आणि गव्हाचा चीक, ढवळता ढवळता हात गळून पडतो. पाककृती हवी असेल तर वेगळा धागा काढ, इथे नको.